शिशाचे शिपाई, लाकडी बैल आणि लिलावातली पाटी

पोळ्याची अमावास्या सरली की चौथ्या दिवशी बाप्पा येतात. त्यामुळे ही स्मरणिका आपल्या हाती पडते तेव्हा पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल अजून कोनाड्यात परत गेलेले नसतात. म्हणूनच यंदा आम्ही खेळण्यांच्या इतिहासाकडे वळलो आहोत. निमित्त मात्र दूरचे आहे. हल्ली जुन्या वस्तूंचे लिलाव मोबाईलवर होतात. त्यांत इंग्रजी अमदानीतले शिशाचे शिपाई हा मोठा हौसेचा माल आहे, आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या वर्णनांत सत्य किती आणि रंगरंगोटी किती हे ओळखणे अवघड झाले आहे. ‘व्हिंटेज’, ‘अँटिक’, ‘रेअर’ हे शब्द तर लग्नपत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’सारखे सगळीकडेच छापलेले असतात.

आधी या शिपायांची कुळकथा पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात कथिलाचे चपटे शिपाई बनू लागले. पुढे जर्मन कारागिरांनीच भरीव शिपाई ओतले. ते दिसायला देखणे, पण जड आणि महाग होते. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्याने एक युक्ती काढली. साच्यात शिसे, कथिल आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू ओतायचा. साच्याला लागलेला थर थिजला की आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. शिपाई आतून पोकळ राहतो. धातू कमी लागल्याने तो हलका आणि स्वस्त होतो. ५४ मिलिमीटर उंचीचा हा शिपाई बघता बघता जर्मन मालाला भारी पडला.

या कारखान्याने साम्राज्यातल्या हिंदी पलटणीही खेळण्यांत आणल्या. बंगाल लान्सर्सचे घोडेस्वार होते, तसेच ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ या नावाचे पायदळही होते. म्हणजे ज्या मुंबई फौजेत कोकण-देशावरची आपली माणसे भरती होत, तिचे शिपाई लंडनच्या दुकानात पेटीत बसून विकायला होते. १९६६ साली कारखान्याने शिशाचे काम बंद केले आणि त्यांची जागा प्लास्टिकने घेतली. तेव्हापासून हा माल संग्राहकांचा झाला. जिथे संग्राहक आले तिथे लिलाव आला, आणि लिलावाबरोबर वर्णनेही आली.

ही वर्णने फसवतात ती बहुधा थेट खोटे बोलून नव्हे. अर्धे खरे सांगून फसवतात. काही शिपायांच्या पायाखालच्या पट्टीवर तारीख असते. ती तारीख त्या नमुन्याच्या हक्कनोंदणीची असते, तो शिपाई ओतल्याची नसते. एकच साचा वर्षानुवर्षे चालत असे. तरी वर्णनात तीच तारीख शिपायाची जन्मतारीख म्हणून दिली जाते. पलटणीच्या नावाचेही तसेच. मुंबई, मद्रास, बंगाल या वेगळ्या फौजा १८९५ साली मोडून एक केल्या गेल्या आणि १९०३ साली पलटणींना नवे क्रमांक मिळाले. पण पेटीवर जुने नाव आहे म्हणून पेटी त्या सालाआधीची ठरत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. मूळ रंग टवके उडालेला असला तरी त्याचीच किंमत असते. नव्याने रंगवलेला शिपाई चकचकीत दिसतो आणि ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकला जातो. तिसरी गोष्ट जमवाजमवीची. चार पेट्यांतले आठ शिपाई एका जुन्या पेटीत भरले की ‘मूळ पेटीसह संपूर्ण संच’ तयार होतो. चौथी गोष्ट शब्दांची. ‘त्या धाटणीचे’, ‘त्या काळच्या पद्धतीचे’ असे लिहिले असेल तर वस्तू त्या काळची आहे असे विकणाऱ्याने कुठेच म्हटलेले नसते. ते आपणच वाचून घेतलेले असते. आणि जिथे शिपायाच्या पायाखालचा फोटोच दिलेला नाही, तिथे तो मुद्दाम मागून घ्यावा. या शिपायांत शिसे असते हेही ध्यानात ठेवावे. पणजोबांच्या काळचे खेळणे म्हणून ते लहान नातवाच्या हाती, मग तोंडी जाऊ देऊ नये.

आता कुणी म्हणेल, लंडनच्या शिपायांशी आपला काय संबंध? संबंध असा, की हीच पाटी आता आपल्या वस्तूंनाही लागू लागली आहे.

पुण्या-कोल्हापूरकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे उभे करतात. आपल्याकडे किल्ल्यापेक्षा बैलाचा मान मोठा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्यांचे लक्ष जाम नदीकडे, पांढुर्णा-सावरगावच्या गोटमारीकडे लागलेले असते, तेव्हा लहान मुले चाकांवरचा लाकडी बैल ओढत दारोदार जाऊन बोजारा गोळा करतात. या तान्ह्या पोळ्याचे श्रेय परंपरेने नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांना दिले जाते. म्हणजे हे भोसल्यांच्या राज्यातल्या मुलखाचे खास खेळणे. गावच्या सुताराने घडवलेला तो बैल परमुलखातल्या लिलावात गेला की ‘दक्षिण भारतीय मंदिराचा नंदी’ होऊ शकतो. देवघरातला पितळी घोडेस्वार, ज्याच्या मागे म्हाळसा बसलेली आहे तो आपला खंडोबा, अनोळखी डोळ्यांना नुसता ‘मराठा शिपाई’ वाटू शकतो. चहाच्या पाण्याने आणि धुराने नव्या लाकडाला जुना रंग देता येतो. मात्र खरा जुना बैल सगळीकडे सारखा काळवंडत नाही. जिथे मुलांचे हात लागले, जिथे दोरी घासली, तिथेच तो झिजतो आणि तुळतुळीत होतो. पोटाखालची बाजूही पाठीइतकीच एकसारखी काळी असेल तर शंका घ्यावी.

पाटीच्या जोरावर वस्तू कशी खपते याचे एक उदाहरण अनेक घरांत सापडेल. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले तांब्याचे नाणे. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. हे अलीकडे बनवलेले टोकन आहेत. कुणी देव्हाऱ्यात ठेवून भक्तीने पुजत असेल तर तो वेगळा विषय, पण ‘दुर्मीळ’ म्हणून हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

लिलावाचे दुखणे आपल्या मुलखाला नवे नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारसाविना वारले. डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर आपला हा मुलूखही कंपनीकडे गेला. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावाला उभे राहिले. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले गेले. बांकाबाईंनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. एका राजघराण्याचा संसार असा तुकड्यातुकड्यांनी विखुरला. कोणती वस्तू कुठल्या दालनातली, कुणाच्या हातची, हे सांगणारे धागे तिथेच तुटले. म्हणूनच आज कुणीही एखाद्या वस्तूला ‘भोसल्यांच्या वाड्यातली’ म्हणू शकतो.

याची दुसरी बाजूही नुकतीच पाहायला मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली. ती ओळखता आली, कारण पाते युरोपात घडलेले असले तरी त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेला आहे. तलवारीने आपली साक्ष स्वतः दिली. लाकडी बैलावर, पितळी टाकावर, मातीच्या मावळ्यावर असे नाव नसते. त्यांची साक्ष फक्त घरातली माणसे देऊ शकतात.

आपल्या बाबतीत ही साक्ष जास्त मोलाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत आपण सीमेपलीकडचे, आणि मध्यप्रदेशाच्या पुस्तकांत मराठी मुलखाचे एक टोक. आपला इतिहास बराचसा घरातल्या वस्तूंत आणि आजी-आजोबांच्या बोलण्यातच आहे. कागदावरच्या नावांचाही उपयोग होतो. ‘सी. पी. अँड बेरार’ असे छापलेले असेल तर तो कागद १९५० पूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. ‘मध्यप्रदेश शासन, नागपूर’ असे असेल तर तो १९५० ते १९५६ या सहा-सात वर्षांतलाच. अशा खुणा खोटी पाटी पकडून देतात.

कायदाही ठाऊक असावा. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने मोलाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता वा पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाने मोठी बोली लावली म्हणून देवघरातला टाक कुरियरने धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. गौरी-गणपतीला सगळे कुटुंब गावी जमते. त्या निमित्ताने घरातली एक तरी जुनी वस्तू बाहेर काढा, तिचा वरून-खालून फोटो घ्या आणि एका कागदावर चार ओळी लिहा. वस्तू कुणी आणली, कुठून आली, कोण वापरत होते, आणि हे आपल्याला कुणी सांगितले. जे माहीत नाही ती जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली घाला, आणि तो कागद त्या वस्तूजवळच ठेवा. उद्या ती वस्तू नातवंडांकडे पुण्याला जावो, बंगळूरला जावो की संग्रहालयात जावो, तिच्यावर दुसऱ्या कुणाला खोटी पाटी लावता येणार नाही, कारण खरी पाटी तिच्या घरच्यांनी आधीच लिहिलेली असेल.

गणपती बाप्पा मोरया!