सरकारचा अर्धा, उरलेला अर्धा कुणाचा?

२०२२ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून झाले होते. उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुके, आधार कार्डाच्या झेरॉक्स हे सगळे जमवताना पालकांची आणि आमची पुरती दमछाक झाली होती. अशात केंद्र सरकारची सूचना आली की, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची ही शिष्यवृत्ती यापुढे फक्त नववी आणि दहावीला मिळेल. कारण असे दिले होते की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत झालेलेच आहे. पाचवीतल्या एका मुलीची आई शाळेत चौकशीला आली होती. आम्ही तिला ते कारण समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "सर, शाळा फुकट आहे हे आम्हांला ठाऊक आहे. रिक्षा कुठे फुकट आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे शिक्षणाच्या इतिहासाची पुस्तके चाळताना लक्षात आले की हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नाही. सरकारने शिक्षणासाठी पैसा द्यायला सुरुवात केली तेव्हापासून तो चालत आला आहे. सरकार आपला वाटा देते, पण उरलेला वाटा कुणी भरायचा? ज्याच्याकडे तो नाही त्याच्या मुलाने काय करायचे?

हिंदुस्थानात शाळांना अनुदान देण्याची पद्धत १९ जुलै १८५४ च्या खलित्याने रूढ झाली. चार्ल्स वूड यांच्या नावाने तो ओळखला जातो. सगळ्या शाळा सरकारने काढायच्या तर खजिना पुरणार नाही, म्हणून जे लोक स्वतः शाळा काढतील त्यांना सरकारने मदत करावी, असे त्याचे धोरण होते. अटीही घातल्या होत्या. ऐहिक शिक्षण चांगले असावे, चालकांची जबाबदारी निश्चित असावी, सरकारी तपासणी मान्य असावी आणि विद्यार्थ्यांकडून फी घ्यावी, मग ती कितीही अल्प असो. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा त्यामागे विचार होता.

वरवर पाहता या अटींत वावगे काही नाही. धर्माच्या बाबतीत सरकार तटस्थ होते. परंतु अनुदान मिळवायचे तर आधी शाळा हवी, शाळेसाठी वर्गणी हवी आणि वर्गणी देणारे हात हवेत. ज्यांच्यामागे संस्था होती, त्या मिशनऱ्यांना या पद्धतीचा सुरुवातीला मोठा फायदा झाला. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी अनुदानाचे दार उघडे असूनही बंदच होते.

मुसलमानांनी मौलवींच्या भीतीने इंग्रजी शिक्षणाकडे पाठ फिरवली, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. आपणही ते मान खाली घालून ऐकतो. त्यात तथ्याचा अंश नाही असे आमचे म्हणणे नाही. पण मुंबई इलाख्यातला कोकणी खलाशी किंवा खानदेशातला विणकर आपल्या मुलाला शाळेत का पाठवीत नव्हता, याचे सगळे उत्तर फतव्यांत सापडणार नाही. मुलगा कामाला लागला तर घरात दोन पैसे येत होते आणि शाळेत गेला तर दोन पैसे जात होते, हा हिशेबही त्यात धरला पाहिजे. विल्यम हंटर यांचे हिंदी मुसलमानांवरचे १८७१ चे पुस्तक मुख्यतः बंगालवर आधारलेले होते. त्यातले निष्कर्ष पुढे साऱ्या देशाला लावले गेले. त्याच वर्षी, ७ ऑगस्ट १८७१ रोजी, लॉर्ड मेयो यांच्या सरकारने मुसलमानांच्या शिक्षणाकडे खास लक्ष देण्याचा ठराव केला.

मुंबईत त्यानंतर जे घडले ते अनुदान पद्धतीचे यशस्वी उदाहरण आहे. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये बोरीबंदरासमोरची भव्य इमारत उभी राहिली. तिच्यामागे समाजाची वर्गणी होती, तशी सरकारची मदतही होती. आजही तिथून जाताना ऊर भरून येतो. पण एक गोष्ट विसरू नये. मुंबईत व्यापारी होते, बॅरिस्टर होते, जहाजांचे मालक होते. सरकारच्या वाट्यासमोर आपला वाटा ठेवण्याची त्यांची ऐपत होती. राजापूर, जालना, मालेगाव इथल्या गरिबाच्या दारात रोगेशेठ कुठून येणार?

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी त्याच विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. तय्यबजींनी त्याच्यापुढे साक्ष दिली. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याला सादर केलेले निवेदनही प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी उत्पन्न येते, शिक्षणासाठी म्हणून त्याच्याकडून वेगळा करही घेतला जातो आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी फुल्यांची तक्रार होती. म्हणून प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्या, असा त्यांचा आग्रह होता. फुले हे सगळ्या कष्टकऱ्यांसाठी बोलत होते आणि त्या कष्टकऱ्यांत आपलेही बापजादे होते.

हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासंबंधी स्वतंत्रपणे १७ शिफारशी केल्या. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देण्याचा खर्च स्थानिक, नगरपालिकीय आणि प्रांतिक निधीतून करणे रास्त मानावे. शिष्यवृत्त्यांची प्राथमिक शाळेपासून वरपर्यंत चढती मालिका असावी. काही जागा विनाफी राखून ठेवाव्यात. मुसलमान शिक्षक तयार करणाऱ्या संस्था काढाव्यात. समाजाची इच्छा असेल तिथे हिंदुस्थानी, म्हणजेच उर्दू, माध्यम ठेवावे. फी घेतलीच पाहिजे म्हणणाऱ्या सरकारला त्याच्याच आयोगाने २९ वर्षांनी सांगितले की, काहींची फी सोडावी लागेल, इतकेच नव्हे तर त्यांच्या हातात चार पैसे ठेवावे लागतील. शाळेला अनुदान देणे वेगळे आणि मुलाला मदत करणे वेगळे, हा फरक या शिफारशींत प्रथमच इतका स्पष्ट दिसतो.

पण त्याच आयोगाने प्राथमिक शिक्षणाचा भार स्थानिक संस्थांवर सोपवावा असेही सुचवले. त्यामुळे उर्दू शाळा निघणार की नाही, हे लोकल बोर्डात कोण बसले आहे यावर ठरू लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. मझरुल हक आणि बॅरिस्टर जीना यांनी त्यांना पाठिंबा दिला. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा नाही, हे विरोधाच्या मुख्य कारणांपैकी एक होते.

पैसा नाही म्हणणाऱ्या साम्राज्याच्या शेजारीच एका छोट्या संस्थानाने तो उभा केला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती आणि तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले होते. मुसलमान विद्यार्थ्यांचे वसतिगृह त्यातूनच उभे राहिले. "तुम्ही आधी अर्धे आणा" असे महाराज म्हणाले नाहीत. खेड्यातल्या मुलाची अडचण फक्त फीची नाही, शहरात आल्यावर तो राहणार कुठे आणि जेवणार काय, हीसुद्धा आहे, हे त्यांनी ओळखले होते. शाळेच्या दारापर्यंत पोचण्याचा खर्च हाही शिक्षणाचाच खर्च आहे, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेला तो राजा होता.

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच काळात निजामाच्या राज्यात सरकारी पैसा उर्दूच्या पाठीशी होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच राज्यातल्या मराठवाड्याच्या मराठी बोलणाऱ्या गरीब मुलाला आपल्या भाषेतून वर चढण्याची वाट बिकट झाली, हेही खरे. सरकारी पैसा एका भाषेकडे झुकला की दुसऱ्या भाषेतले मूल मागे राहते. आज उर्दूसाठी न्याय मागताना आपण ही आठवण ठेवली तर आपल्या मागणीचे वजन वाढेल.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आणि अनुदान देताना सरकारने त्यांच्याबाबत भेदभाव करू नये असेही बजावले. १९५६ मध्ये आलेल्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ती ई.बी.सी. सवलत जात किंवा धर्म पाहत नव्हती, फक्त उत्पन्न पाहत होती. आपल्या समाजात आज निवृत्त झालेले कितीतरी शिक्षक, कारकून, वकील या तीन अक्षरांच्या जोरावर शिकले.

आमच्या पिढीची आठवण तांदळाची आहे. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेले अन्न नव्हते. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळत असे. तो तांदूळ पिशवीत घालून घरी नेताना आम्हांला आपणही कमावते झाल्यासारखे वाटे. त्या दिवशी अम्मी हजेरीची चौकशी करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच अन्न शिजू लागले.

२००६ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुसलमान मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती, आणि मदरशांत शिकणारी जेमतेम ४ टक्के होती. "ही मुले मदरशांत जातात" हा लाडका समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला. महाराष्ट्राचे आकडे तर विचारात पाडणारे आहेत. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि इथल्या मुसलमानांची ७८.१ टक्के. आपला समाज इथे बहुतांशी शहरांत राहतो, हे त्याचे एक कारण. म्हणजे शाळेत घालण्याची इच्छा नाही असे नव्हे. घोडे अडते ते पुढे, पाचवीनंतर, सातवीनंतर, गावातली उर्दू शाळा संपते तिथे.

सच्चर अहवालानंतर, २००८-०९ पासून, मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. वार्षिक १ लाखाच्या आतले उत्पन्न, ५० टक्के गुण आणि ३० टक्के वाटा मुलींसाठी राखीव. बाहेर राहणारे सोडले तर पाचवीपर्यंतच्या मुलाला महिन्याला १०० प्रमाणे वर्षाला १,००० रुपये मिळत. ही रक्कम मोठी नव्हतीच. पण त्यात वह्या येत, दप्तर येई, रिक्षाचे एक-दोन महिने भागत. हंटर आयोगाने १८८३ च्या अहवालात सुचवलेली प्राथमिक शाळेपासूनची मालिका १२५ वर्षांनी देशभर अशी प्रत्यक्षात आली होती. २०२२ मध्ये तिच्या खालच्या आठ पायऱ्या काढून घेतल्या. नववीच्या मुलाला मदत जरूर द्यावी, पण नववीपर्यंत पोचायला आधी आठ वर्षे शाळेत टिकावे लागते.

शाळांची कहाणीही याच वळणाची आहे. महाराष्ट्रात "कायम विनाअनुदान" तत्त्वावर कितीतरी शाळांना परवानगी मिळाली. त्यांत उर्दू शाळाही होत्या. २००९ मध्ये "कायम" हा शब्द वगळला गेला आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळाले. मधल्या वर्षांत तिथल्या शिक्षकांनी नाममात्र पगारावर शिकवले. सरकारचा वाटा आला नाही तेव्हा उरलेला वाटा त्यांच्या घरच्या चुलीने भरला.

दोष फक्त सरकारचा म्हणून आम्हांला मोकळे होता येणार नाही. समाजाने वक्फ व देणग्यांचा पैसा शिक्षणाकडे वळवावा, ही सूचनाही जुनीच आहे. आपण मशिदीला संगमरवर लावतो, ते सवाबाचे काम. पण मोहल्ल्यातल्या दहा मुलींचा रिक्षाखर्च जकातीतून भागवणारी समिती किती गावांत आहे? हक्क मागायचा आणि आपला वाटाही उचलायचा, तय्यबजींच्या पिढीने दोन्ही केले होते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "शाळा सोडण्याचे कारण" असा रकाना असतो. त्यात बहुधा "पालकाच्या विनंतीवरून" असे लिहिले जाते. आम्हीही ते लिहिले आहे. उद्या कुणी या जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास लिहायला बसला तर त्याला वाटेल की इथल्या पालकांनाच मुले शिकायला नको होती. १८७१ मध्ये आपल्याबद्दल झालेला समज असाच कागदांवरून झाला असेल. त्या पाचवीतल्या मुलीच्या आईने सातवीनंतर दाखला मागितला, तेव्हा आमचे पेन त्या रकान्याशी थांबले. नियमाप्रमाणे लिहायचे तेच लिहिले. मात्र त्या दिवसापासून आम्ही एक वेगळी वही ठेवली आहे. तिच्यात खरे कारण लिहितो आणि त्यापुढे किती रुपये कमी पडले, तो आकडा.