घराण्याचा शोध : निजामी दफ्तरापासून मोबाईलपर्यंत

राजेरजवाड्यांच्या वंशावळी पुस्तकांत छापून येतात. देशमुख-देशपांड्यांची घराणी आपल्या सनदा पेटीत जपून ठेवतात. पण गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाने आपल्या पणज्याचे नाव कुठे शोधावे? आपल्यापैकी पुष्कळांना आज्याचे नाव ठाऊक असते, पणज्याचे नाव घरातली म्हातारी माणसं सांगतात, आणि त्यापुढे अंधार! हा अंधार आपोआप पडलेला नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपल्या लोकांची नोंद गरजेपुरतीच केली. जमीन, इनाम, महारकी एवढ्यापुरताच आपला माणूस कागदावर आला. आज त्यातले काही कागद मोबाईलवर दिसू लागले आहेत. ते कसे पाहावेत आणि त्यांत काय सापडत नाही, हे दोन्ही समजून घेतले पाहिजे.

आधी आपल्या जिल्ह्याचा इतिहास ध्यानात घ्यावा. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्यामुळे आपले जुने कागद उर्दूत आहेत, मोडीत आहेत, आणि वरिष्ठ कचेऱ्यांचे पुष्कळसे दफ्तर हैदराबादलाच राहिले. साल लिहिलेले असते ते फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. दुसरी गोष्ट जिल्ह्याच्या हद्दीची. परतूर तालुका १९८१ साली जालना जिल्ह्यात गेला. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा भाग १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्हा झाला. आजा "परभणी जिल्हा" म्हणायचा, म्हणून आपण परभणीच्या यादीत गाव शोधत बसतो आणि गाव निघते हिंगोलीच्या यादीत!

आता प्रत्यक्ष शोध. शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा पाहता येतो. गट नंबर माहीत नसला तरी नावावरून किंवा आडनावावरून शोध घेता येतो. सातबारा नुसता पाहून मोबाईल बंद करू नये. त्यावर जुन्या फेरफारांचे नंबर दिलेले असतात, ते वहीत उतरून घ्यावेत. खातेदार वारला की वारसाचा फेरफार होतो. त्यात मयताचे नाव आणि मुलाबाळांची नावे येतात. एकेक फेरफार मागे मागे पाहत गेले की दोन-तीन पिढ्या सहज हाती लागतात. जुन्या फेरफारांच्या व सातबाऱ्यांच्या छायाप्रती 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही मिळतात. आपला तालुका त्या यादीत आहे का ते आधी पाहावे. नसेल तर तहसील कचेरीत नकलेसाठी अर्ज करावा. तिथे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागायला विसरू नये. मराठवाड्यात जमिनीच्या जुन्या हक्कासाठी हाच कागद पायाभूत मानतात. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यामुळे इनामे गेली. त्या जमिनी पुढे कुणाच्या नावावर चढल्या हेही या कागदांवरून उलगडते.

नावाचा घोटाळा मात्र फार. जुन्या नोंदीत आडनाव नसतेच. माणसाचे नाव, बापाचे नाव आणि पुढे जात, एवढेच. आडनावे मागाहून आली. कुणी गावावरून घेतले, कुणाला शाळेत मास्तरांनी लावले. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. १९१४ नंबरची ही नोंद जपून ठेवली गेली, म्हणून आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या एका ओळीची किंमत एवढी आहे! तेव्हा आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर अवश्य पाहावे. ते इंटरनेटवर मिळेलच असे नाही.

आणि इंटरनेटवर सगळे आहे असेही कुणी समजू नये. निजाम काळातल्या जनगणनेचे अहवाल घरबसल्या वाचता येतात, पण त्यांत जातीचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अशा छावण्यांतल्या गोऱ्या लोकांचे जन्म, लग्न, मृत्यू लंडनच्या दफ्तरात नोंदले जात. आज त्यांचे वंशज परदेशात बसून ते शोधतात. त्याच छावणीत घोड्यांना दाणावैरण घालणाऱ्या माणसाचे नाव कुठे आहे? ज्याला जमीन नाही त्याचा सातबारा नाही. आणि आपल्या आज्या-पणज्या तर कागदावर जवळजवळ नाहीतच.

हा शोध हौसेचा नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात, तेव्हा पोराची कॉलेजची प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि बाप कचेऱ्यांचे उंबरे झिजवत असतो. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दफ्तरे उघडली आणि उर्दू-मोडी वाचणारांना शोधावे लागले. कागद असून वाचणारा नसला की काय होते, ते सगळ्यांनी पाहिले. आपल्या पोरांनी मोडी शिकावी, दोघा-चौघांनी उर्दूही शिकावी.

पण पहिले काम कचेरीतले नव्हे, घरातले आहे. १९४८ सालची पोलीस ॲक्शन डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसावे. आज्याचं नाव काय, आजीचं माहेर कुठलं, गाव सोडलं ते कशापायी, १९५६ नंतर घरातले देव कुणी बाहेर काढले, हे विचारावे. ती सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत मोबाईलवर टिपून घ्यावे. गावाचे आणि माणसाचे नाव हाती असले तरच महाभूलेख कामाला येते; नाही तर नुसते बोट फिरवून काय होणार?

विहारात एक जाड वही ठेवता येईल. प्रत्येक घराने तिच्यात एक पान लिहावे : मूळ गाव, तालुका, तीन पिढ्यांची नावे, सुनांची नावे माहेरासकट, आणि सापडलेल्या कागदांचे नंबर. गरजेपुरती नोंद दुसऱ्यांनी केली. पुरी नोंद आता आपण करू.