डाळ शिजवूनच का खायची? कमला सोहोनींच्या संशोधनाची गोष्ट



मागच्या महिन्यात पंचविशीतला एक तरुण उलट्या-जुलाबाने बेजार होऊन दवाखान्यात आला. बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं, की रात्रभर भिजवलेला राजमा त्याने सकाळी कच्चाच मिक्सरमधून काढून प्यायला होता. सल्ला जिममधल्या मित्राचा. "डॉक्टर, शिजवल्यावर प्रोटीन मरतं ना?" असं त्यानेच मला विचारलं.

सलाईन लावून संध्याकाळी तो घरी गेला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका मराठी शास्त्रज्ञ बाईंनी सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई आपल्याला ठाऊक असतात, कमलाबाई सहसा नसतात.

बंगळूरचा बंद दरवाजा

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, अशा अटीवर त्यांना आत घेतलं गेलं. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ते पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्यांनीच १९०१ साली वेगळं काढलं होतं. मक्यातल्या झेइन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसतं. फक्त झेइन हेच प्रथिन मिळालेले उंदीर लवकर मरतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन घातलं तर जास्त जगतात, हेही हॉपकिन्स यांनी दाखवलं. म्हणजे नुसतं 'प्रोटीन किती' हे पाहून भागत नाही, त्यात कोणती अमिनो आम्लं आहेत हेही पाहावं लागतं.

त्याच विभागात मार्जरी स्टीफन्सन या बाई जिवाणूंच्या चयापचयावर काम करत होत्या. जिवाणू अन्न कसं फोडतात आणि त्यातून काय बनवतात, यावरचं त्यांचं पुस्तक १९३० साली आलं होतं. अशा वातावरणात कमलाबाईंनी बटाट्यात 'सायटोक्रोम सी' शोधलं. पेशीला ऊर्जा मिळवून देणारा हा घटक वनस्पतींतही असतो, हे त्यातून कळलं. अवघ्या चौदा महिन्यांत प्रबंध पूर्ण झाला आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

वालातलं कुलूप

परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून १९४७ नंतर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. विषय निवडला तो गरिबाच्या ताटातला: कडधान्यं, भाज्या, नीरा.

आता थोडं पचनाबद्दल. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर आतड्यात येतं. ते प्रथिनांची लांब साखळी कापतं, तुकडे होत होत अमिनो आम्लं सुटी होतात आणि मगच ती रक्तात जातात. कच्च्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात. किड्यांपासून आणि जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून झाडाने बियांना लावलेलं हे जणू कुलूपच. कमलाबाईंनी असे पदार्थ आपल्या भाज्या-कडधान्यांत शोधले. वाल आणि डबल बी यांतून ते शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचा त्यांचा आणि सहकाऱ्याचा लेख १९५५ साली 'नेचर'मध्ये छापून आला.

या कुलपाची किल्ली म्हणजे आच. नीट शिजवलं की हे पदार्थ बहुतांशी निकामी होतात. म्हणून माझ्या पेशंटला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: शिजवल्याने प्रोटीन मरत नाही, ते पचायला सोपं होतं. राजम्यात तर लेक्टिन नावाचं आणखी एक द्रव्य असतं. त्या तरुणाच्या उलट्या त्यामुळेच झाल्या असाव्यात. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा.

कोंबडीचं खाद्य आणि कळण्याची भाकरी

गहू, तांदूळ, ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. आपल्या जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा, खाद्यात लायसिन वेगळं घालावं लागतं. ते येतं कुठून? १९५६ च्या सुमारास जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लुटामिक आम्ल शरीराबाहेर टाकणारा एक जिवाणू सापडला. त्याच जिवाणूचे निवडक वाण आज मोठमोठ्या टाक्यांत साखर खाऊन लायसिन बनवतात.

माणसाला मात्र त्यासाठी कारखान्याची गरज नाही. डाळीत लायसिन भरपूर असतं. डाळीत जे मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी असतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ, साधी खिचडी किंवा वरण-भात, या सगळ्या जोड्या हेच काम करतात. आपल्या आज्यांना अमिनो आम्लांची नावं ठाऊक नव्हती, पण जोडी बरोबर जमली होती.

लक्षात ठेवा

- रोजच्या दोन्ही जेवणांत धान्यासोबत डाळ किंवा उसळ हवी. पातळ पाण्यासारखं वरण नको.
- मिसळीतली मटकी शिजलेली असते, ती चालते. मोड आलेले मूग कच्चे थोडे खाल्ले तर निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही, पण गर्भवती, लहान मुलं आणि वृद्धांनी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ते शिजवूनच खावेत.
- किडनीचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.
- महागड्या डब्यावर पैसे खर्च करण्याआधी घरातल्या डाळीचा डबा पाहा.

कमलाबाई पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत काम करत होत्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं. पुढच्या वेळी कुकरची शिट्टी वाजेल तेव्हा त्यांची आठवण काढा. आणि घरात कुणी कच्चा राजमा मिक्सरमध्ये घालत असेल, तर त्याला आधी थांबवा.