व्यायामचिकित्सक स्वामी कुवलयानंद

पूर्वीं मोडलेलें हाड बसवून घ्यावयाचें, तर लोक तालमीची वाट धरीत. आमच्या सोलापुरांत दिवसभर मागावर बसून कंबर धरलेला विणकरही वस्तादापुढें पालथा पडे. वस्तादाच्या हाताला गुण असे; तो कां येतो, हें मात्र त्यास सांगतां येत नसे. हात थकला, कीं विद्याही त्याच्याबरोबर जाई. या विद्येला कारण विचारणारा एक शिक्षक मराठी मुलखास लाभला. त्यांचें नांव जगन्नाथ गणेश गुणे; पुढें ते स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले.

त्यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली; ती म्हणजे काय, हें आम्हां मास्तरांना सांगावयास नको. १९०७ ते १९१० पर्यंत बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यांत ते शिकले. माणिकराव हे व्यायामाचे प्रोफेसर, तसेच नामांकित हाडवैद्य. १९१९ पासून नर्मदाकांठीं मालसर येथें माधवदासजींकडे योगाचें शिक्षण झालें, आणि अमळनेरच्या राष्ट्रीय कॉलेजाचें प्राचार्यपदही त्यांनीं सांभाळलें.

श्रोतेहो, हठयोगी बस्तिक्रियेंत गुदद्वारानें पाणी वर ओढून घेतात. लोक त्यास अपानवायूचें सामर्थ्य म्हणून हात जोडीत. गुणे यांनीं क्ष-किरणांनीं पोटाची हालचाल पाहिली, आणि पाऱ्याचा दाबमापक लाविला. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेपेक्षां कमी होतो, म्हणून पाणी वर चढतें, असें दिसून आलें. या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें, तें असल्या प्रयोगांसाठींच.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. प्राणायामानें शरीरास कितीतरी अधिक प्राणवायु मिळतो, असें पुष्कळ लोक आजही सांगतात. स्वामींच्या प्रयोगांत हा समज टिकला नाहीं, आणि त्यांनीं तसें छापलें. ज्या विद्येवर आपली संस्था उभी, तिच्या एका लोकप्रिय दाव्यावर स्वतःच काट मारणें सोपें नव्हे.

रोगी तर येतच होते. रक्तदाबाच्या तक्रारीसाठीं गांधीजींनीं १९२७ सालीं त्यांचा सल्ला घेतला. तथापि दाबमापकाचा आंकडा निराळा आणि रोग्यास आलेला गुण निराळा. तो गुण उपचाराचाच, हें ठरविण्यास उपचार घेतलेले व न घेतलेले रोगी शेजारीं ठेवून पाहावे लागतात. ती रीत त्या काळीं वैद्यकांतच रुळली नव्हती. त्यामुळें आसनांनीं रोग बरे झाल्याच्या त्या वेळच्या हकीकती मी जपूनच वाचतों.

मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें भौतिकोपचाराची शाळा निघाली ती १९५२ सालीं. तोंवर व्यायामानें उपचार करण्याचें शिक्षण बहुधा आखाड्यांत किंवा आश्रमांत मिळे. स्वामींनीं डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें प्रसिद्ध केला. तीन वर्षांनीं, १८ एप्रिल १९६६ रोजीं, ते वारले. ‘योगमीमांसा’ अद्यापि निघतें.