तलाक, मेहर आणि अर्धा वाटा

साखऱ्यात काय किंवा सेनगाव तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, तलाकचा विषय निघाला की बोलणे तोंडी तलाक, इद्दत आणि मेहर यांच्याभोवतीच फिरते. पंधरा-वीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून जे उभे केले त्याचे काय, हे फारसे कुणी विचारत नाही. सोयाबीन काढायला, हळद शिजवायला, शेळ्या सांभाळायला बाई असते. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ मात्र नवऱ्याच्या नावावर.

इस्लामी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता वेगवेगळी असते. मुळात ही तरतूद बाईच्या हिताची आहे. तिचे दागिने, माहेरचा वारसा, मेहर यांवर नवऱ्याचा हक्क नाही. इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला एवढे मिळायला १८८२ साल उजाडावे लागले. पण जिच्या नावावर काहीच नाही, तिला या वेगळेपणाचा उपयोग काय?

गोव्यातल्या मुस्लिम बाईचा हिशेब वेगळा लागतो. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर १९१० मध्ये घटस्फोटाचा आणि विवाहाचा कायदा आला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या केंद्रीय कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. १९३७ चा शरियत कायदा तिथे लागू झालाच नाही.

या संहितेनुसार लग्नाआधी नोंदणीकृत करार करून वेगळी पद्धत निवडली नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. प्रत्येकाचा निम्मा वाटा. घर किंवा जमीन विकायची तर दोघांचीही संमती लागते. आयकर खात्यालाही हे मान्य करावे लागले: आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकीचे उत्पन्न अशा नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरले जाते.

म्हणून तिथे घटस्फोटाची तयारी म्हणजे आधी यादीची तयारी. विवाह नोंदणीचा दाखला, करार झाला असल्यास त्याची प्रत, जमिनीचे उतारे, बँकेची पुस्तके, आणि कर्जेसुद्धा, कारण भागीदारीत देणीही येतात. तोंडी तलाक चालत नाही. दिवाणी न्यायालयात अर्ज करून ठरलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते किंवा दोघांची संमती लागते. हुकूमनामा झाला की मालमत्तेची वाटणी सामंजस्याने होते. जमले नाही तर 'इन्व्हेंटरी' नावाची न्यायालयीन कार्यवाही असते. तिच्यात प्रत्येक वस्तू यादीत घेऊन, किंमत लावून वाटे पाडले जातात.

टीव्हीवर गोव्याचा कायदा 'समान' म्हणून मिरवला जातो, तेव्हा मला हसू येते. १८८० च्या हुकमाने हिंदू पुरुषाला ठराविक परिस्थितीत, पहिल्या बायकोला मूल किंवा मुलगा नसेल तर, दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली होती. सामाईक मालमत्तेचा कारभारही संहितेने नवऱ्याच्याच हाती दिला. बाईचा निम्मा वाटा कागदावर पक्का, पण किल्ल्या नवऱ्याकडे. तरीही निम्मा तो निम्माच.

तो अर्धा परका आहे, असे आपल्यातले काही लोक म्हणतील. त्यांनी मोरोक्कोकडे पाहावे. तिथल्या मालिकी फिकहमध्ये 'हक्कुल कद्द वस्सिआया', म्हणजे कष्टाचा हक्क, जुना आहे. सोळाव्या शतकात काझी इब्न अरदून यांनी डोंगराळ भागातल्या शेतकरी बायकांना त्यांनी राबून पिकवलेल्या धान्यात वाटा असल्याचा फतवा दिला होता. २००४ च्या मोरोक्कन कुटुंब कायद्याच्या कलम ४९ नुसार लग्नाच्या वेळी कमाईबाबत वेगळा करार करता येतो. करार नसेल तर न्यायालय प्रत्येकाचे कष्ट आणि भार पाहते. मलेशियात 'हार्ता सेपेन्चारियान' म्हणजे मिळून कमावलेली मालमत्ता शरिया न्यायालयेच वाटून देतात.

आपल्याकडे काय आहे? फस्खचा १९३९ चा कायदा निजामी मुलखात असलेल्या आपल्या मराठवाड्यात १९६० मध्ये पोचला. दोन वर्षे खर्ची न दिली, चार वर्षे ठावठिकाणा नसला तर बाई न्यायालयात जाऊ शकते, हे बऱ्याच जणींना ठाऊक असते. पण नवऱ्याने बायकोची मालमत्ता परस्पर विकणे हाही त्याच कायद्यात क्रूरतेचा एक प्रकार धरला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९८६ च्या कायद्याने मेहर, इद्दतीच्या काळातच द्यायची वाजवी तरतूद, आणि लग्नाआधी, लग्नात वा नंतर बाईला मिळालेल्या सगळ्या वस्तू परत मिळण्याचा हक्क दिला. ही तरतूद इद्दतीपुरती नसून पुढच्या आयुष्याचाही विचार करून करायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियाल लतीफी खटल्यात सांगितले. आणि 'मी तलाक दिलाय' एवढे उत्तरात लिहून भागत नाही, तो खरोखर दिल्याचे सिद्ध करावे लागते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये ठरवले.

हे हक्क मिळवायलाही यादीच लागते. निकाहनाम्याची प्रत माहेरी असावी. भांडी, कपाट, दागिने यांची सह्यांनिशी यादी त्याच दिवशी व्हावी. नंतर ती कुणाला आठवत नाही. मेहरची रक्कम किती असावी याला फिकहमध्ये वरची मर्यादा नाही, आणि मेहर रोख असावी असेही नाही. जमिनीचा तुकडा किंवा घराचा भाग मेहर म्हणून देता येतो. दस्त रीतसर नोंदवला की तलाठ्याकडून सातबाऱ्यावर तिचे नाव लागते. आमच्याकडे मेहरचा आकडा काझीसाहेब रजिस्टर उघडून बसल्यावर, बहुधा दोन्हीकडचे वडीलधारे मिळून, पाच मिनिटांत ठरवतात. मंडप, जेवण आणि मोटारसायकल यांची बोलणी त्याआधी दोन महिने चाललेली असतात.