शेवटची लाँच गेल्यावर घारापुरीत काय उरतं?

दिवाळीनंतर आपल्या जालना जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली सुरू होतात. मुंबई ठरली की गेटवेवरून लाँच आणि एलिफंटा आलंच. तासाभराचा समुद्र, लेणी, फोटो, आणि संध्याकाळच्या आत परत.

त्या बेटाचं खरं नाव घारापुरी. आपल्याकडं विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, त्याच दगडाचं ते बेट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्यातून दख्खनचं पठार झालं. जालनाही त्यावरच उभं आहे. घारापुरीत हा दगड कोरून साधारण सहाव्या शतकात शिवाची लेणी घडवली.

१५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडं गेला. किनाऱ्याजवळचा दगडी हत्ती बघून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. पुढं १८६४ च्या सुमारास इंग्रज तो हत्ती इंग्लंडला न्यायला निघाले. उचलताना तो फुटला. तुकडे जोडून आज तो मुंबईत, राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तो हत्तीसुद्धा गावाला राहिला नाही!

आता खरा मुद्दा. १९८७ साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं. जगभरातून माणसं येत राहिली. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांत रात्री काही तास जनरेटरचा उजेड, बाकी अंधार. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वारशाचा मान मिळाल्यावर तब्बल ३१ वर्षांनी! आणि हे गाव मुंबईचे दिवे रोज समोर बघत होतं.

पर्यटनाला माझा विरोध नाही. तिथल्या कितीतरी घरांची चूल पर्यटकांवरच पेटते. पण नुसती गर्दी आली म्हणून गावाचा विकास आपोआप होत नाही, हे घारापुरीनं दाखवून दिलंय.

आपल्याकडं अंगारकीला राजूर गजबजतं. समर्थांच्या जन्मगावी, जांबसमर्थला, भाविक येतात. विकास आराखड्यात कमान, पार्किंग, भक्तनिवास हे सगळं असू द्या. पण गावच्या नळाचं पाणी, गावातला दवाखाना, गावच्या पोरांचा रोजगार कितव्या पानावर आहे, हेही ग्रामसभेत विचारा.

पाहुणे संध्याकाळी निघून जातात. गाव तिथंच राहतं.