वर्षाला आठ तास

वर्षातून चार भेटी, प्रत्येकी दोन तास. 2010 मध्ये नॉर्वेतल्या वरिष्ठ न्यायालयाने एका आईला तिच्या बाळाचा एवढाच सहवास मंजूर केला. 2008 मध्ये जन्मलेलं ते बाळ अवघ्या तीन आठवड्यांचं असताना बालकल्याण खात्याने ताब्यात घेतलं होतं. खालच्या न्यायालयाने ते आईकडे परत द्यायला सांगितलं, वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 2011 मध्ये दत्तकविधानालाही परवानगी मिळाली.

प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. तिथे 2017 मध्ये आई हरली, तीही अवघ्या एका मताच्या फरकाने.

खरं तर या न्यायालयाने 1988 मध्येच स्वीडनला बजावलं होतं. तिथल्या तीन भावंडांना आईवडिलांपासून आणि एकमेकांपासूनही दूर ठेवलं होतं. त्यातली दोघं तर शेकडो किलोमीटरवर होती. मूल ताब्यात घेणं ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि कुटुंब पुन्हा एकत्र आणणं हेच तिचं उद्दिष्ट असलं पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आहे.

10 सप्टेंबर 2019 रोजी याच न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने या आईच्या प्रकरणात त्याच तत्त्वावर नॉर्वेविरुद्ध कौल दिला: 13 विरुद्ध 4. इतक्या तुटपुंज्या भेटींवरून आईची पात्रता कशी ठरवणार, हा पीठाचा रास्त आक्षेप होता. तज्ज्ञांचे अहवालही जुने झाले होते.

मार्च 2020 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशातली कार्यपद्धती या निकालाशी जुळवून घेतली.